मिनिटभर चालू ठेवायचं

आमच्याकडे, लिक्सेलेच्या वरच्या अंगाला,
हो म्हणायला शब्द लागत नाही.
ओठांचा चंबू करायचा आणि
हवा आत ओढायची. श्शुप्.
झाला होकार.
परगावची माणसं दचकतात,
त्यांना वाटतं, याला दम लागला.

बाबा जन्मभर असेच हो म्हणाले.
लाकूडगिरणीतल्या मुकादमाला, पाद्रीणबाईंना,
आणि आईने दारात बॅग टेकवून विचारलं,
"जाऊ मी?"
तेव्हासुद्धा.
आई दक्षिणेची, माल्मोची.
आमचा होकार ओळखायला तिला सहा वर्षं लागली होती.

गाडी सत्याऐंशीची व्होल्वो, मागून शवपेटी मावेल एवढी लांब.
तिच्यात आम्ही सरपण आणलं, बटाटे आणले,
एकदा पाय मोडलेलं रेनडिअरचं पिल्लू.
लाकडं भरली की ओर्ट्रेस्कच्या चढावर
ती तिसऱ्या गिअरलाच कुंथायला लागायची.

सिक्स्टेनच्या भंगारात एका टॅक्सीचा टर्बो मिळाला.
ओंजळीत मावेल असा लोखंडी शंख.
गोगलगाय नि पोटात पाय.
बाराशे क्रोनर आणि वाफळती सॉसेजं.

एक्झॉस्टचे आठ नट, तीन तुटले.
गॅसच्या ज्योतीने लाल करून, मेणबत्तीचं मेण पाजून
चौथ्या दिवशी शेवटचा हलला.
बाबा उलट्या क्रेटवर कॉफी घेऊन बसलेले.
मी मागायच्या आधी तेराचा पाना पुढे यायचा.
त्यांनी एवढंच विचारलं, "काय कमी होतं तिला?"
मी म्हटलं, "हवा."

इंजिनच्या कुशीत एक भोक असतं, बूच ठोकून बुजवलेलं.
कधी टर्बो बसलाच, तर त्याचं तेल परत यायला.
म्हणजे कारखान्यातच कुणीतरी वाट ठेवली होती
आणि इतकी वर्षं तिथून काहीच आलं नव्हतं.
मी बूच काढलं.
बाबांनी वाकून आत पाहिलं, बराच वेळ.
आत पाहण्यासारखं काही नसतं.

मग मी त्यांना समजावलं:
बाहेर टाकलेला धूर जाता जाता एक चाक फिरवतो,
त्याच दांडीवर दुसरं चाक,
ते ताजी हवा आत कोंबतं.
"म्हणजे टाकाऊच कामाला लावायचं," बाबा म्हणाले.
गिरणीने त्यांना छप्पन्नाव्या वर्षी घरी पाठवलं होतं.

फेब्रुवारी. उणे बावीस.
पहिल्याच चढावर रबरी नळी निसटली, फट्ट!
मागे काळा धूर, पुढे पांढरा रस्ता.
तोंडात स्क्रूड्रायव्हर धरला तर तो ओठालाच चिकटला.
बाबा हसले. कोरडं, नाकातून,
पण हसले.

पट्टी आवळली. पुन्हा निघालो.
पॅडल दाबलं आणि काहीच नाही.
टर्बोचं असंच असतं, आधी थोडा वेळ काहीच नाही.
तुम्ही सांगितलेलं असतं,
त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं.
मग पत्र्याखालून बारीक शीळ,
काटा अर्ध्या बारवर,
आणि पाठ सीटमध्ये रुतली.
बर्चची झाडं एकमेकांत मिसळून गेली.
बाबांनी दाराच्या वरची मूठ पकडली,
टोपी डोळ्यांवर आली ती तशीच राहू दिली.

माथ्यावर थांबलो.
टर्बो तापला की इंजिन लगेच बंद करायचं नसतं.
मिनिटभर चालू ठेवायचं,
तेल फिरू द्यायचं,
आतलं चाक सावकाश निवू द्यायचं.
काचेवर दोघांचा श्वास गोठत होता.

"त्या दिवशी," बाबा म्हणाले,
समोरच्या तळ्याकडे पाहत,
"दारात.
मी हो म्हणालो नव्हतो.
मला नुसता दम लागला होता."

मिनिट केव्हाच संपलं होतं.
मी किल्लीकडे हात नेला नाही.